खुर्चीत भाऊ

१

तयार ब्राउझर वापरणाऱ्यांचा मला राग येत नाही, कीव येते. कंपनी देईल ते गिळायचं आणि वर 'छान आहे' म्हणायचं. मी माझा ब्राउझर घरी बनवतो. त्याचा सोर्स कोड, म्हणजे तो ज्या लाखो ओळींतून तयार होतो त्या ओळी, कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. त्या उतरवायच्या, त्यात हवे ते बदल करायचे आणि कॉम्प्युटरला सांगायचं, आता यातून चालणारं काहीतरी कर. याला आम्ही बिल्ड म्हणतो. माझ्या कॉम्प्युटरला त्यासाठी अख्खी दुपार लागते. पंखा कोकलत राहतो, खोली तापते, पडद्यावर फाइलींची नावं सरसर वर जातात. मध्येच पिवळ्या अक्षरांत इशारे येतात, ते कुणीच वाचत नाही. इशारे वाचत बसलं तर जगात एकही ब्राउझर पुरा व्हायचा नाही.

हा उद्योग मी हौसेने करत नाही, ताईसाठी करतो. ताई माझ्याहून मोठी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नोकरी संपत आली तेव्हा तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा, आता तोही कळत नाही. कॉम्प्युटरवर तिला एक आवाज सगळं वाचून दाखवतो. ब्राउझर पानावर काय काय आहे ते त्या आवाजाला सांगतो आणि तो आवाज ताईला सांगतो: मथळा, चित्र, लिंक, बटण. ताईने त्याचं नाव ठेवलंय रीडरबाई. रीडरबाईंच्या जिवावर ताई बँकेची कामं करते, बातम्या ऐकते, जुन्या मैत्रिणींना पत्रं लिहिते. कुणाचा हात धरायला तिला आवडत नाही, माझा तर नाहीच.

मागच्या वर्षी कंपनीने ब्राउझर 'सुधारला' आणि रीडरबाईंची वाचाच बसली. जे काय वाचायच्या त्यात निम्म्या जाहिराती. ताईने महिनाभर दात-ओठ खाल्ले. मग एके दिवशी चहा पिता पिता शांतपणे म्हणाली, "अंध बायकांचं ते वसतिगृह आहे ना, तिथे चौकशी केली मी. तिथे शिकवतात म्हणे सगळं."

मी कप इतका जोरात ठेवला की चहा सांडला. ताई गेली असती तर या घरात मी भिंतींशी भांडत बसलो असतो. दुसरं माझ्याशी कोण भांडणार? त्याच दिवशी मी सोर्स कोड उतरवायला घेतला. आपला हात जगन्नाथ.

२

माझा खरा राग होता मध्ये येणाऱ्या चौकटींवर. तुम्ही बातमी वाचताय आणि धाडकन एक चौकट समोर येते: आमचे सदस्य व्हा, हे घ्या, ते मान्य करा. डोळस माणूस शिवी देऊन ती बंद करतो. ताई मात्र तिच्यातच अडकून पडायची. रीडरबाई तेच तेच वाचत राहायच्या आणि खालची बातमी खालीच.

म्हणून मी स्वतःचा एक नियम लिहून ब्राउझरमध्ये घातला. ताईला तो समजावून सांगितला तेव्हा ती माझ्या खोलीतच बसली होती. कॉम्प्युटर माझ्याच खोलीत आहे. तिचं टेबल खिडकीशी, माझी उंच पाठीची खुर्ची तिच्या शेजारी, दाराकडे पाठ करून.

"न बोलावता मध्ये येतं," मी म्हणालो, "मोठ्याने बोलतं, हातातलं काम करू देत नाही, असं जे काही असेल ते रीडरबाईंनी वाचायचंच नाही. तुझ्यापुरतं ते नाहीच. फक्त त्याला बंद करायचं बटण असेल तर तेवढं सांगायचं. तू ते दाबायचंस, विषय संपला."

"न बोलावता मध्ये येतं, मोठ्याने बोलतं, काम करू देत नाही," ताई बोटांवर मोजत म्हणाली. "भाऊ, हे तर तुझंच वर्णन झालं रे."

"हसू नकोस."

"हसत नाही. तू कधी आत येऊन बसून बोलतोस का? दारात उभा राहतोस आणि बोंबलतोस. बिल्ड चालू असलं की तेवढा गप्प असतोस."

पण नियम झकास चालला. रीडरबाईंनी 'बटण, बंद करा' म्हटलं की ताईचं बोट आपोआप एंटरवर पडायचं. आयुष्यभर लाइनी जोडल्या आणि तोडल्या, त्यात विचार करायची सवयच राहिली नव्हती. वसतिगृहाचं नाव पुन्हा निघालं नाही.

३

मग नवीन बिल्ड झालं. दुपारी मी ताईशेजारी माझ्या लॅपटॉपवर काम करत होतो. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं एक भिकार सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. ताई बँकेचं पान ऐकत होती. पान संपलं. रीडरबाई थांबल्या आणि मग त्याच कोरड्या आवाजात म्हणाल्या, "खिडकी. उघडी."

"हे काय?" मी म्हणालो.

"मघापासून बाई हेच म्हणताहेत. सगळ्या पानांच्या शेवटी येतं. उघडी आहे ना खिडकी?"

खिडकी उघडी होती. मी उठून लावली. ताईने पान पुन्हा वाचायला लावलं. शेवटी रीडरबाई म्हणाल्या, "खिडकी. बंद."

मला भीती नाही वाटली, राग आला. कुणीतरी आगाऊ माणसाने सोर्समध्ये काहीतरी घुसडलेलं असणार. या कॉम्प्युटरला कॅमेरा होता, तो मी कधीच चिकटपट्टीने झाकलेला. तरी मी झाकण उघडलं आणि कॅमेऱ्याची वायरच काढून टाकली. माइकची पण काढली.

"आता वाच म्हणावं," मी म्हणालो.

"खिडकी. बंद. टेबल. कप. खुर्ची," रीडरबाई म्हणाल्या. "खुर्चीत भाऊ."

ताई टाळी वाजवून हसली. मी रीडरबाईंच्या शब्दांची फाइल उघडून शोधत बसलो. 'भाऊ' हा शब्द त्यात कुठेच नव्हता. मला भाऊ म्हणणारं माणूस एकच, आणि ते शेजारी बसून हसत होतं.

४

माझा एक जुना सहकारी आहे, दाढीवाला. दुसऱ्या गावी राहतो आणि माझ्यासारखाच ब्राउझर घरी बनवतो. आम्ही दोघं एकमेकांची बिल्डं तपासतो आणि एकमेकांच्या चुकांवर मनसोक्त तोंडसुख घेतो. मी त्याला फोन केला.

"तुझ्या सगळ्या फाइली माझ्याकडे लावून पाहिल्या," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. "काही नाही त्यात. तो तुझा चौकटींचा नियम तेवढा जास्तीचा. बाकी सगळं अक्षर न् अक्षर तेच."

"मग घोडं कुठे पेंड खातंय?"

"घोडं तुझ्या डोक्यात आहे. झोप जरा. आणि जुनं सगळं पुसून नव्याने बिल्ड कर. अर्धवट जुन्या फाइली राहिल्या की भुतं राहतात, तुला माहीत आहे."

भुतं हा आमचा धंद्यातला शब्द. जुन्या बिल्डचे उरलेले तुकडे नव्यात मिसळले की ब्राउझर वेड्यासारखा वागतो. मी तुकडा न तुकडा पुसला आणि नव्याने बिल्ड लावलं. दुपारभर पंखा कोकलला. ताई शेजारी बसून तो आवाज ऐकत होती, तिला तो आवडतो. एक्स्चेंजमधल्या यंत्रांच्या घरघरीची आठवण येते म्हणते.

बिल्ड झालं. मी उठून दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "लाव कुठलंही पान."

ताईने हवामानाचं पान लावलं. ढगाळ, वारा मंद, वगैरे. मग, "खिडकी. बंद. टेबल. कप. खुर्ची. खुर्चीत भाऊ."

"चुकलं," मी ओरडलो. "ऐकलंस? चुकलं! मी दारात आहे."

ताई खुर्चीकडे वळली, मग दाराकडे, मग पुन्हा खुर्चीकडे. "हो का?" ती म्हणाली. तिला पटलेलं दिसत नव्हतं.

मी खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर कुणी नव्हतं. तिची गादी जुनी आहे, माणूस उठला की खड्डा हळूहळू भरून येतो. मी उभा राहून वाट पाहिली. ताईने दुसरं पान लावलं, ते संपलं, तिसरं लावलं. गादीतला खड्डा भरून आला नाही.

जुनी गादी आहे, मी स्वतःला सांगितलं. स्पंज मेलाय. बदलायला हवी.

५

त्यानंतर मी ताईला सरळ सांगितलं, हा ब्राउझर मी काढून टाकणार.

"का?"

"खोटं बोलतो म्हणून."

"खिडकीचं खोटं बोलला? कपाचं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला न विचारता कळतंय की खिडकी उघडी आहे. तू सांगितलंस कधी?"

"तू विचारलंस कधी?"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "काढ. खुशाल काढ. मी वसतिगृहाला फोन करते."

मी प्लग उपटला. पंखा थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की ताईने खुर्चीचा हात चाचपून पकडला, जणू जमीन कुठे आहे तेच तिला कळेना. मग ती रडायला लागली. ताईला रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मला तिचा राग आला, माझा राग आला, आणि सगळ्यात जास्त त्या निर्जीव डबड्याचा आला. मी प्लग परत लावला. ब्राउझर काढावा तर ताई जाणार आणि ठेवावा तर ते खुर्चीतलं राहणार, अशा कात्रीत मी सापडलो.

त्या आठवड्यात ताईचं वागणं बदलत गेलं. मी दारातून काही विचारलं की ती उत्तर द्यायला वेळ लावायची. आधी रीडरबाईंचं ऐकायची आणि मग बोलायची. एकदा मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आलो तर ती खुर्चीकडे तोंड करून सांगत होती, आमच्या लहानपणीच्या घराची गोष्ट, अंगणातल्या हौदाची.

"कुणाशी बोलतेस?" मी दारातूनच विचारलं.

तिने मान किंचित वाकडी केली. रस्त्यावर कुठे गाडीचा दरवाजा वाजला की करते तशी. मग ती खुर्चीला म्हणाली, "हल्ली तू किती शांत ऐकतोस रे."

मी आत गेलो, खुर्ची ओढली आणि तिच्यात धपकन बसलो. गादी गरम होती.

"कुठे गेला होतास?" ताईने विचारलं. मग स्वतःशीच हसली. "काय विचारतेय मी. तू तर इथेच आहेस."

६

आता मला कळलं होतं की भांडून उपयोग नाही. डोकं चालवायचं. नवी डिस्क आणायची, तिच्यावर सगळं कोरं करायचं, माझा नियम न घालता ब्राउझर बनवायचा. चौकटी आल्या तर येऊ देत, ताईशेजारी बसून एकेक मी स्वतः बंद करीन. दिवसभर बसेन, हळू बोलेन. ती इथे राहावी म्हणून मी काहीही करायला तयार होतो, अगदी शांत बसायलासुद्धा.

दुपारी जेवण झाल्यावर मी निघालो. दारातून ओरडून सांगितलं, "ताई, डिस्क आणायला चाललोय!" ती काही बोलली नाही. पंखा मंद चालू होता. बिल्ड लावलेलं नसताना तो चालतो कशाला, असा विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

दुकानदार हरामखोर निघाला, जुनी डिस्क नव्या खोक्यात घालून देत होता. त्याच्याशी भांडून मला जरा बरं वाटलं. बाहेर पडलो आणि दाढीवाल्याला फोन लावला. म्हटलं, नवं कोरं बिल्ड लावतोय, तूही लाव, दोन्ही ताडून पाहू.

"आता परत काय?" तो म्हणाला. "मघाशीच तर ठरलं ना आपलं."

"काय ठरलं?"

"काहीही बदलायचं नाही म्हणालास. सगळं नीट चाललंय म्हणालास."

"कधी?"

"आत्ता. अर्धा तास झाला असेल. तुमच्या घरच्या फोनवरून. ताईंनीच लावून दिला होता, त्या म्हणाल्या, 'धरा हं, भाऊला देते.'" तो हसला. "खरं सांगू का, बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू माझं बोलणं पुरं होऊ दिलंस."

मी फोन ठेवला नाही, तो हातातच राहिला. दाढीवाला 'हॅलो, हॅलो' करत होता. मी स्वतःला सांगत होतो की तो चेष्टा करतोय, त्याची ती सवयच आहे. आणि हे सांगता सांगता मी पळायला लागलो होतो.

७

घराचं दार मी किल्लीने उघडलं. आत दुपारचं ऊन होतं, फरशीवर, चपलांवर, रोजच्यासारखं. माझ्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. ताईचं हसणं. किती दिवसांनी ती असं हसत होती.

मग दुसरा आवाज आला. तो माझा होता. आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकू आला की ओळखू येत नाही म्हणतात. मला आला. फक्त तो हळू बोलत होता, सावकाश, एकेक शब्द पुरा करत. हौदाची गोष्ट सांगत होता. त्या हौदात मी पडलो होतो आणि ताईने मला केसांना धरून वर काढलं होतं. तो ते माझ्याहून नीट सांगत होता.

मी खोलीच्या दारात पोचलो.

खिडकी उघडी होती. ताई टेबलाशी बसली होती, बोटं कीबोर्डवर, तोंड खुर्चीकडे, चेहरा उजळलेला. खुर्चीची उंच पाठ माझ्याकडे होती. खुर्चीच्या हातावर एक कोपर टेकलेलं होतं, राखाडी स्वेटरमधलं. कोपरापाशी स्वेटर उसवलेला होता. मी माझ्या हाताकडे पाहिलं. राखाडी स्वेटर, कोपरापाशी उसवलेला.

माझी पाचावर धारण बसली. आणि घाबरलो की मी जे करतो तेच मी केलं. दारात उभा राहून मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडलो, "ताई!"

तिचं हसणं थांबलं. कपाळाला आठ्या पडल्या. पान वाचताना मध्येच चौकट आली की पडायच्या तशाच.

"ताई, तो मी नाही! इकडे बघ! ताई!"

"काय आलं रे मध्येच?" ताईने विचारलं, खुर्चीला.

"काही नाही गं," खुर्चीतून माझा आवाज म्हणाला. अजिबात घाई नव्हती त्याला. "नेहमीचंच."

कोपर हातावरून उचललं गेलं. खुर्ची किंचित फिरली. कान दिसला, गालाचा थोडा भाग दिसला. तो हसत होता. मी कधी असा हसलेलो नाही.

"ताई, मला ऐकू येत नाही का तुला? मी आहे, भाऊ आहे, ताई!" मी आत पाऊल टाकलं. ते पडलं की नाही, मला कळलं नाही.

रीडरबाई बोलायला लागल्या. "खिडकी. उघडी. टेबल. कप. खुर्ची. खुर्चीत भाऊ. दार."

त्या थांबल्या. ताईने मान वाकडी करून वाट पाहिली. मीही पाहिली. 'भाऊ' एवढा एक शब्द त्या बोलल्या असत्या तर पुरे होतं.

"बटण," रीडरबाई म्हणाल्या. "बंद करा."

ताईने विचार केला नाही. तो शब्द ऐकला की ती कधीच करत नाही. तिचं बोट एंटरवर खाली गेलं.